जीवदानाकडून अभयदानाकडे : श्वानकरुणेच्या इतिहासाचा मागोवा

आपल्या समाजातील बहुतेक सर्व ट्रस्टांच्या जमाखर्चात 'जीवदया' या नावाचे एक स्वतंत्र खाते असते. पर्युषणात, महावीर जन्मकल्याणकाला, कुणाच्या पुण्यतिथीला या खात्यात श्रावक-श्राविका सढळ हाताने भर घालतात. त्यातून गोशाळेला चारा जातो, पक्ष्यांना दाणा जातो, कसायाच्या दारातून सोडविलेल्या जनावरांचे पालनपोषण होते. ही परंपरा आपल्या अभिमानाचा विषय आहे. मात्र या खात्याचा लाभ ज्याला क्वचितच होतो असा एक जीव आपल्याच दारात, आपल्याच गल्लीत वावरत असतो. तो म्हणजे श्वान. त्याला आपण पोळीचा तुकडा घालतो, परंतु त्याच्या मनातील भयाचा विचार फारसा करीत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी दानांमध्ये अभयदानाला श्रेष्ठ स्थान दिले आहे. 'अभय' या शब्दाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. मृत्यूपासून वाचविणे हा त्या दानाचा पूर्वार्ध होय, आणि भयापासून मुक्त करणे हा उत्तरार्ध. श्वानाविषयीच्या करुणेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर पूर्वार्धाकडून उत्तरार्धाकडे झालेली वाटचाल स्पष्ट दिसते. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्या वाटचालीचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आगम आणि पुराणातील श्वान

भगवान महावीरांच्या छद्मस्थ अवस्थेतील विहाराचे वर्णन आचारांग सूत्राच्या पहिल्या श्रुतस्कंधातील नवव्या अध्ययनात आले आहे. लाढ देशात लोकांनी भगवंतांच्या अंगावर कुत्री सोडली. त्या प्रदेशात फिरणारे अन्य श्रमण कुत्र्यांच्या भीतीने हाती काठी बाळगीत. भगवंतांनी काठी घेतली नाही. दंश सहन केले, पण त्या मुक्या जीवांना दोष दिला नाही. कुत्रे चावते त्यामागे बहुधा माणसाची चिथावणी असते, हे सत्य या प्रसंगात स्पष्टपणे उमटले आहे.

दुसरी कथा जीवंधरकुमाराची. वादीभसिंहसूरींच्या 'क्षत्रचूडामणी'त आणि महाकवी हरिचंद्रांच्या 'जीवंधरचंपू'त ती विस्ताराने आली आहे. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून काही जणांनी एका कुत्र्याला मरणप्राय मारले. जीवंधरकुमार त्या तडफडणाऱ्या जीवाजवळ बसला आणि त्याने त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. तो श्वान देह सोडून सुदर्शन नावाचा यक्ष झाला आणि पुढे संकटकाळी जीवंधराच्या साहाय्याला धावून आला. कुमार त्याचा प्राण वाचवू शकला नाही. परंतु त्याने त्याचे अखेरचे क्षण भयमुक्त केले, आणि कथाकारांनी त्याच कृतीला एवढे मोठे फळ दिले. आचार्य समंतभद्रांनीही रत्नकरंडक श्रावकाचारात धर्माचा महिमा सांगताना श्वानाचाच दृष्टांत घेतला आहे. धर्माने श्वानही देव होऊ शकतो आणि पापाने देवही श्वान होऊ शकतो, असा त्याचा आशय आहे.

मुंबईची पांजरपोळ

आता अर्वाचीन काळाकडे वळू. इंग्रजी अमदानीत मुंबई शहरात उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याचा नियम होता. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षिसी मिळत असल्याने शिपाई घरांच्या आसपासची, प्रसंगी पाळलेली कुत्रीही पकडून मारू लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या एका पवित्र दिवशी, कोट भागात असंतोषाचा भडका उडाला. पारशी धर्मात श्वानाला अंत्यविधीतही मानाचे स्थान आहे. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, व्यवहार ठप्प झाले, आणि शांततेसाठी लष्कर बोलवावे लागले. या निषेधात पारशांच्या बरोबरीने हिंदू आणि जैन व्यापारीही सहभागी होते.

या घटनेनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. जमशेटजी जीजीभाई आणि जैन समाजाचे अग्रणी शेठ मोतीशा यांचा त्यात पुढाकार होता. भायखळ्याचे जिनमंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूंक यांच्यामुळे शेठ मोतीशांचे नाव आपल्या घराघरांत परिचित आहे. भुलेश्वरची ही पांजरपोळ आज प्रामुख्याने गोवंशाच्या सेवेसाठी ओळखली जाते. परंतु तिच्या जन्मामागे रस्त्यावर मारली जाणारी कुत्री होती, याचे विस्मरण होऊ नये.

पांजरपोळीने श्वानाला जीवदान दिले. तथापि या व्यवस्थेला एक स्वाभाविक मर्यादा होती. गाय कळपात रमते. चारा, पाणी आणि सावली मिळाली की ती स्थिरावते. कुत्र्याचे तसे नाही. हजारो वर्षे माणसाच्या संगतीत राहिलेल्या या प्राण्याला अन्नाइतकीच एखाद्या ओळखीच्या माणसाची गरज असते. कोंडवाड्यात शंभर अनोळखी कुत्र्यांच्या गोंगाटात राहिलेला श्वान जिवंत राहतो, पण त्याची भीती जात नाही. पुष्कळदा ती वाढते.

रुग्णालय, लस आणि एक गाजलेला वाद

१८७४ मध्ये मुंबईत प्राणी क्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली, आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई पशुरुग्णालय आकारास आले. मुंबईकर त्याला आजही 'बैलघोडा इस्पितळ' म्हणून ओळखतात. दयेला उपचाराची जोड मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १८८५ मध्ये, पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या बालकाला रेबीजची लस दिली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या भयाने सगळ्या कुत्र्यांचा जीव घेण्याचे समर्थन तेव्हापासून दुबळे होत गेले. भारतात १९०० मध्ये कसौली येथे आणि १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था सुरू झाल्या.

१९२६ साली अहमदाबादेत एक मोठा वाद उद्भवला. एका गिरणीमालकाने आवारातील सुमारे ६० कुत्री मारविली आणि तो महात्मा गांधींकडे सल्ल्यासाठी गेला. गांधीजींनी त्याला दोष दिला नाही. त्यामुळे त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला आणि त्यात जैन बांधवांची पत्रे मोठ्या संख्येने होती. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लेखमाला लिहून उत्तर दिले. त्यांच्या सर्व मतांशी आपण सहमत होऊ शकत नाही. जीवहत्येचे समर्थन जैन श्रावकाला कदापि मान्य होणार नाही. परंतु त्यांनी आपल्यासमोर धरलेला आरसा मात्र टाळता येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून निघून जाणे ही दया नव्हे. ज्याला दया येते त्याने त्या जीवाची जबाबदारी घ्यावी, असे त्यांचे सांगणे होते. जवळजवळ १०० वर्षे झाली, तरी त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर समाजाने अद्याप दिलेले नाही.

कायद्याची वाटचाल

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अस्तित्वात आला. त्याचे ११ वे कलम वाचताना श्रावकाला अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे ते अतिचार. आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, मारणे, अवयव विच्छिन्न करणे, अतिरिक्त भार लादणे, अन्नपाणी न देणे या सर्वांना हा कायदा गुन्हा मानतो. पाळलेल्या प्राण्याला विनाकारण वाऱ्यावर सोडून देणेही त्यात समाविष्ट आहे. आज आश्रयाला येणाऱ्या भयग्रस्त कुत्र्यांचा पूर्वेतिहास पाहिला, तर याच अतिचारांपैकी एक किंवा अनेक त्यात आढळतात.

कायदा झाला तरी १९९० च्या दशकापर्यंत मुंबईसारख्या शहरांत पालिका दरवर्षी हजारो कुत्री मारीत असत, आणि तरीही त्यांची संख्या कमी होत नसे. १९६४ मध्ये मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने वेगळा मार्ग दाखविला. कुत्रे पकडावे, त्याचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस द्यावी आणि त्याला त्याच्या मूळ जागी परत सोडावे, असा तो मार्ग होता. २००१ च्या केंद्रीय नियमांनी हीच पद्धत देशभर लागू केली आणि २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री कायमची निवाऱ्यात हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला त्रिसदस्यीय खंडपीठाने त्यात बदल केला. पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना उपचारानंतर मूळ जागी सोडावे असे सांगितले, आणि प्राणिप्रेमींना कुत्री दत्तक घेण्याची मुभा देताना ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके आदी ठिकाणांहून कुत्री हलविण्याचे निर्देश आले. दंशाने जखमी झालेले बालक आणि रस्त्यावर होरपळणारे कुत्रे, या दोघांचेही दुःख खरे आहे. करुणेने दोहोंपैकी एकाची निवड करायची नसते.

भय कसे जडते, कसे सुटते

ज्या काळात आपल्याकडे निर्बीजीकरणाचा प्रारंभ होत होता, त्याच काळात अमेरिकेत श्वानाच्या मनाचा अभ्यास चालला होता. मेन राज्यातील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे संशोधन करून १९६५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा मनाच्या घडणीचा काळ असतो, असे त्यांना आढळले. या काळात ज्याला माणसाचा स्पर्श लाभला नाही, ते पिल्लू पुढे माणसाला घाबरते. म्हणजे कोपऱ्यात दडणारे कुत्रे हट्टी वा कृतघ्न नसते. त्याचे बालपणच हरवलेले असते, किंवा पुढे कुणीतरी त्याचा विश्वासघात केलेला असतो.

अशा जीवाला पुन्हा माणसात आणता येते काय? या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर २००७ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मिळाले. मायकेल व्हिक या नामांकित फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचा धंदा उघडकीस आला आणि सुमारे ५० पिटबुल कुत्री ताब्यात घेण्यात आली. अशी कुत्री सुधारत नाहीत, त्यांना मारून टाकावे, असे त्या वेळी काही मोठ्या प्राणिसंस्थांचेही मत होते. न्यायालयाने मात्र प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र परीक्षा करविली. तपासलेल्या ४९ कुत्र्यांपैकी केवळ एकच आक्रमकतेमुळे असाध्य ठरले. उरलेल्यांपैकी बहुतेक कुत्री हिंस्र नव्हती, ती भेदरलेली होती. व्हिककडून त्यांच्या पालनासाठी नऊ लाख डॉलरहून अधिक रक्कम घेण्यात आली. त्यांपैकी २२ कुत्री युटा राज्यातील एका आश्रयस्थानात गेली, इतर विविध संस्थांकडे गेली. पुढे अनेकांना घरे मिळाली. जॉनी नावाचा कुत्रा वाचन शिकणाऱ्या मुलांजवळ शांत बसण्याचे काम करू लागला, तर लिओ कर्करोगाच्या रुग्णांना भेटू लागला. जास्मिन नावाची कुत्री मात्र दीर्घकाळ आपल्या पिंजऱ्याबाहेर येण्यास धजत नसे. तिच्यावर कुणी घाई लादली नाही. या कुत्र्यांपैकी शेवटचा फ्रोडो डिसेंबर २०२१ मध्ये, आपल्या घरी, वृद्धापकाळाने निवर्तला. व्हर्जिनियाच्या या अनुभवानंतर अमेरिकेत भयग्रस्त कुत्र्यांच्या पुनर्वसनाला शास्त्रशुद्ध दिशा मिळाली. २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्रही सुरू झाले.

घरातील अभयदान

या अनुभवांतून जी पद्धत सिद्ध झाली ती खर्चिक नाही. तिला धीर लागतो. नव्याने आणलेल्या भेदरलेल्या कुत्र्यासाठी घरातील एक शांत कोपरा राखून ठेवावा. पाठीशी भिंत, अंगाखाली जुने पांघरूण, जवळ पाण्याचे भांडे एवढे पुरे. पहिल्या दिवशी त्याला आंघोळ घालू नये, नातलगांना पाहायला बोलावू नये, उचलून घेऊ नये. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. जरा अंतरावर, त्याच्याकडे अंग तिरके करून बसावे आणि हळू आवाजात आपले काम करीत राहावे. डोक्यावरून येणारा हात त्याला मार वाटतो, म्हणून हात खालून, छातीच्या बाजूने न्यावा, आणि तोही त्याने स्वतः जवळ येऊन वास घेतल्यावर. जेवण, फिरणे आणि झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, कारण पुढे काय होणार हे कळू लागले की भीती ओसरते.

शेपूट पायांत घालणे, कान मागे नेणे, वारंवार ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे ही भयाची भाषा आहे. गुरगुरणे ही तर स्पष्ट सूचना आहे. त्याबद्दल मारले तर कुत्रे सूचना देण्याचे सोडते आणि थेट चावते. ज्या गोष्टीची भीती आहे, ती दुरून, सौम्य प्रमाणात दाखवावी आणि त्याच वेळी आवडता घास द्यावा. अंतर दिवसागणिक थोडे थोडे कमी करावे. अनुभवी लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. पहिल्या तीन दिवसांत धास्ती कमी होते, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. काहींना वर्षही लागते. या काळात दार उघडे राहू देऊ नये, गळ्यातील पट्टा निसटणार नाही इतका नीट बसवावा, दिवाळीच्या फटाक्यांत त्याला बाहेर नेऊ नये. पशुवैद्याकडून तपासणी, रेबीजची लस आणि निर्बीजीकरण हे अनिवार्य समजावे. घरात लहान मूल असेल तर दोघांना एकटे सोडू नये.

येथे एक विवेकही आवश्यक आहे. गल्लीत सुखाने रुळलेल्या, निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याला बळेच चार भिंतींत आणणे ही दया नव्हे. गल्ली हेच त्याचे घर असते. घर हवे असते ते अपघातात अधू झालेल्या, मालकाने टाकून दिलेल्या, छळातून सोडविलेल्या, आईविना पडलेल्या पिल्लांना.

श्रावकाच्या मनातील शंका

कुत्रे पाळणे श्रावकाचाराला धरून आहे काय, असा प्रश्न आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो अनादराने टाळू नये. पंधरा कर्मादानांमध्ये 'असतीपोषण' वर्ज्य सांगितले आहे, आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचे स्पष्टीकरण करताना मैना, पोपट, मांजर, कोंबडा, मोर यांबरोबर श्वानाचाही उल्लेख केला आहे. परंतु तेथे आचार्यांनी 'धनासाठी' हा हेतू स्पष्टपणे नोंदविला आहे. निषेध आहे तो प्राण्यांच्या पोषणाचा धंदा करण्याचा. त्या दृष्टीने पाहता, जातिवंत पिल्लांची पैदास करून विकणारा आणि ती हजारो रुपये मोजून विकत घेणारा यांनी विचार करावा. पीडित जीवाला मोबदल्याशिवाय आश्रय देणारा त्या दोषाच्या कक्षेत येत नाही, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते. या विषयी आपल्या पूज्य गुरुभगवंतांचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे.

दुसरी शंका आहाराची. कुत्रा हा मांजरासारखा केवळ मांसावर जगणारा प्राणी नाही. माणसाच्या संगतीत राहून पिष्टमय अन्न पचविण्याची क्षमता त्याच्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखविले आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने समतोल राखून त्याला शाकाहारावर ठेवता येते. नुसत्या दूध-पोळीवर मात्र ठेवू नये. आणि एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. कांदा व लसूण हे श्वानाला विषासमान आहेत. जैन स्वयंपाकघरात त्यांना मुळातच स्थान नाही. स्वयंपाकघर, देवघर आणि गोचरीची जागा यांपासून त्याचा कोपरा वेगळा राखला की मर्यादाही सांभाळली जाते. सोसायटीची अडचण सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, प्राणी पाळण्यावर सोसायट्यांना सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्थात शेजाऱ्याला त्रास होणार नाही याची काळजी घेणे हे आपलेही कर्तव्य आहे.

पुढील पन्नास वर्षांसाठी

शेठ मोतीशांच्या पिढीने आपल्या काळाच्या संकटाला आपल्या काळाचे उत्तर दिले. कुत्री मारली जात होती, म्हणून त्यांनी आसरा उभारला. आजचे संकट वेगळे आहे. आसरे भरून वाहत आहेत आणि त्यांतील भेदरलेल्या जीवांना माणूस हवा आहे. प्रत्येक घरात कुत्रे यावे, असे म्हणणे नाही. परंतु जीवदया खात्यातील थोडा अंश निर्बीजीकरण व लसीकरणासाठी राखता येईल. ज्यांना कायमचे शक्य नाही त्यांनी एखाद्या जखमी कुत्र्याला घर मिळेपर्यंत काही आठवडे सांभाळावे. पाठशाळेत मुलांना कुत्र्याची भाषा शिकवावी, म्हणजे मुलेही सुरक्षित राहतील आणि दगड मारणारे हातही थांबतील. आणि ज्या एखाद्या कुटुंबाला शक्य आहे, त्याने एका भयभीत जीवासाठी आपले दार उघडावे. महिनोन्महिने कोपऱ्यात दडलेला तो जीव एके दिवशी आपल्या पायाशी निर्धास्त झोपी जाईल, तेव्हा अभयदान या शब्दाचा अर्थ त्या कुटुंबाला कुणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

जय जिनेंद्र!